एक नट आणि एक आरोप

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या वार्षिकात नटाची हकिकत कशाला, असे तुमच्या वडीलधाऱ्यांस वाटेल. तथापि हॅरी बॉर या फ्रेंच नटाविषयी लिहिण्यास मला कारण आहे.

बॉर १८८० साली पॅरिसनजीक जन्मला. त्याच्या उमेदीची वर्षे रंगभूमीवर गेली. बोलपट आला तेव्हा त्याने पन्नाशी गाठली होती. पण त्याच्या भरदार आवाजास आता कोठे पडदा मिळाला. १९३१ साली ‘डेव्हिड गोल्डर’ या बोलपटात त्याने एका ज्यू धनिकाची भूमिका केली, आणि अग्रगण्य नटांत त्याची गणना होऊ लागली.

१९३४ साली व्हिक्तोर ह्यूगोची ‘ले मिझेराब्ल’ ही कादंबरी पडद्यावर आली. तीत बॉर हा झां व्हालझां झाला, आणि शांमातिए नावाचा भोळा म्हाताराही तोच झाला. चेहऱ्याच्या साम्यामुळे न्यायालय या म्हाताऱ्यासच जुना कैदी व्हालझां समजते. खरा व्हालझां नाव पालटून नगराध्यक्ष झालेला असतो. त्याने मौन धरले तर तो कायमचा सुटला! परंतु तो भर न्यायालयात उभा राहतो आणि कैदी आपणच, असे सांगतो.

तो प्रसंग पाहताना मला माझा वर्ग आठवला. काही वर्षांपूर्वी फळ्यावर कोणी वात्रट मजकूर लिहिला. अक्षर जुळते एवढ्यावरून मी एका मुलास शिक्षा केली. लिहिणारा गप्प बसला, वर्गही गप्प बसला. सत्य कळले तेव्हा तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

पुढे खुद्द बॉरवरच तसा प्रसंग आला. १९४० साली फ्रान्स जर्मनांच्या हाती गेला आणि बॉर ज्यू आहे असा बोभाटा झाला. तो ज्यू नव्हता. त्याने जर्मन कंपनीच्या बोलपटांत कामही केले. उपयोग झाला नाही. १९४२ साली गेस्टापोने त्यास पकडून कोठडीत छळले. काही महिन्यांनी तो सुटला तो खंगूनच, आणि एप्रिल १९४३ मध्ये निवर्तला.

आरोप खोटा होता, एवढ्यासाठीच हळहळू नका. ज्यू असणे हा गुन्हाच नव्हे. जे खरोखर ज्यू होते, त्यांच्यासाठी उभे राहणारे किती निघाले?

माझा तो विद्यार्थी आता मोठा झाला असेल. हा अंक त्याच्या हाती पडो. उशिरा का होईना, मी उभा राहून सांगतो : बाळा, चूक माझी होती.