व्हिएन्नातली कॉफी आणि सासूबाईंचं गाळणं



गावाकडून फोन आला की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, थंडी किती आहे? आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "तिथं बाहेर गेल्यावर खाता तरी काय गं?" या दुसऱ्या प्रश्नात काळजी असते आणि थोडा संशयही असतो. परदेशी गेलेल्यांचे नियम विमानतळावरच राहतात असं आपल्याकडे धरूनच चालतात. मी एकटीने कितीही सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही, म्हणून आज सासूबाईंच्या तीन महिन्यांचं सांगते. त्या आल्या, आमच्याबरोबर सगळं शहर फिरल्या, कॉफीच्या दुकानांत तासन्‌तास बसल्या आणि आपले सगळे नियम जसेच्या तसे घेऊन परत गेल्या.

आमचं सासर तासगावकडचं. दोन एकर द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. सासूबाईंनी आयुष्यात हॉटेलची पायरी चढली नव्हती. लग्नाकार्याला गेल्या तरी डबा बरोबर. कंदमूळ नाही, सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही नाही. शिवाय रोज सकाळी बस्तीत दर्शन झालं की मनाशी नियम, आज इतक्याच वस्तू खायच्या. कधी नऊ, कधी सात, अष्टमी-चतुर्दशीला पाच. मीठसुद्धा मोजायच्या. व्हिसा मिळाला तो नेमका ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन चातुर्मासात. भावकीत कुजबुज झालीच, चातुर्मासात कसला प्रवास? त्या महाराजांना विचारून, नियम घेऊन आल्या आणि कुजबुजीला उत्तर दिलं नाही.

आम्ही व्हिएन्नात राहतो ते सहा वर्षं झाली. इथला सूर्य आपल्या ओळखीचा नाही. जूनमध्ये तो रात्री नऊच्या सुमाराला मावळतो आणि डिसेंबरात दुपारी चारला. आपल्याकडे वर्षभरात तास-सव्वा तासाचा फरक पडतो, इथे पाच तासांचा. त्यामुळे आमचं बाहेर जाणं घड्याळावर ठरत नाही, सूर्यावर ठरतं. ऑगस्टच्या मध्याला सूर्यास्त आठ वाजून गेल्यावर होता, तेव्हा पहिले काही आठवडे चंगळ होती. हे ऑफिसातून आले की आम्ही चौघं ट्रामने निघायचो, बागेत बसून डबा खायचो, तरी वर तासभर उजेड उरायचा. सासूबाईंना याचं फार नवल. "हा देव इथं ओव्हरटाइम करतोय की गं," म्हणायच्या.

कॉफीचं मात्र लांबलं. दुधाची कॉफी त्यांचा जीव की प्राण, दुपारी चारचा कप कधी चुकला नाही. पण "बाहेरच्या कपात नको" म्हणून बसल्या होत्या. शेवटी लेकीने हट्ट केला. ती अकरा वर्षांची, जर्मन तिची मातृभाषा असल्यासारखी बोलते. आजीला हाताला धरून एका जुन्या कॉफीघरात घेऊन गेली.

इथली कॉफीघरं म्हणजे आपल्या हॉटेलांसारखी 'खा आणि उठा' अशी नसतात. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, काठीला लावलेली वर्तमानपत्रं. एक कप घ्या आणि दुपारभर बसा, उठा म्हणून कुणी सांगणार नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रियाने ही कॉफीघराची पद्धत आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली. सगळ्यात छान म्हणजे कॉफी येते ती छोट्या चकचकीत ट्रेमध्ये, आणि शेजारी पाण्याचा ग्लास, न मागता.

त्या ग्लासाकडे बघून सासूबाईंचा पहिला प्रश्न, "गाळलंय का?"

आता इथलं पाणी थेट आल्प्सच्या डोंगरांतल्या झऱ्यांचं. १८७३ साली पहिली जलवाहिनी सुरू झाली, तेव्हापासून शहर तेच पितं. मी हे सगळं कौतुकाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पिशवीतून पांढरं सुती गाळणं आणि स्टीलचा पेला काढला आणि भर कॉफीघरात पाणी गाळलं. काळ्या कोटातला वेटर बघतच राहिला. इथले वेटर तुसडेपणासाठी प्रसिद्ध आहेत, माझ्या पोटात गोळा आला. लेकीने मात्र उठून त्याला सांगितलं, पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, माझी आजी त्यांना त्रास होऊ नये म्हणून असं करते. एरवी हीच मुलगी दुकानात 'यात जिलेटिन आहे का' विचारताना माझ्या मागे लपायची. तो काहीच बोलला नाही. पण पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा ट्रेमध्ये भरलेल्या ग्लासाशेजारी एक रिकामा ग्लास ठेवलेला होता. गाळलेलं पाणी अठ्ठेचाळीस मिनिटंच चालतं हे तुम्हाला माहीतच आहे. गप्पांच्या नादात दोन तास बसलो की दोनदा गाळायचं. तोही दोनदा ग्लास बदलून द्यायचा.

त्यांना मेलांज आवडली. आपल्या दुधाच्या कॉफीची चुलत बहीण, वर फेस. साडेपाच युरो ऐकून मात्र कप खाली ठेवला. "पाचशे रुपयांच्या वर? एवढ्यात आपल्याकडं दोन किलो बेदाणा येतो." पुढे पैशांचा विषय निघाला की लेक सांगायची, आजी, हे खुर्चीचं भाडं आहे, कॉफी फुकट.

कॉफीवरून एक गोष्ट निघाली ती तुम्हालाही सांगायला हवी. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच कॉफी पावडरींत चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. बरणीच्या मागे बारीक अक्षरांत टक्के छापलेले असतात, आपण वाचत नाही. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, सुंठ चालते, हळद चालते, वाळलेलं आहे तर हेही चालावं. रात्री झोपताना परत म्हणाल्या, "चालत असेल गं, पण मला आता चव लागायची नाही." आता तासगावला नुसती कॉफी पावडर मागवतात. इथे गंमत उलटीच. दुकानात एक पाकीट दिसलं, भाजलेल्या अंजिराची पूड, कॉफीत मिसळायला. ही इथली जुनी रीत. म्हणजे मूळ टाळायला जावं तर उदुंबर फळ पुढ्यात!

केकच्या दुकानाबद्दल तर विचारूच नका. आपले मद्य, मांस, मधु हे तिन्ही मकार एका काचेच्या कपाटात शेजारी शेजारी मांडलेले असतात. गुलाबी पुंशक्राफनमध्ये रम, लेबकुखनमध्ये मध, जेलीच्या चकत्यांत जिलेटिन. शहराचा प्रसिद्ध साखरटोर्टे अंड्यांशिवाय होत नाही. आशा वाटते ती आप्फेलश्ट्रूडेलची, कारण त्याची पारी मैदा, तेल आणि पाण्याची, इतकी पातळ ताणायची की खालचं वर्तमानपत्र वाचता यावं. आत सफरचंद, दालचिनी, लोण्यात परतलेला पावाचा चुरा. पण कुणी पारीत अंडं घालतं, कुणी बेदाणे रममध्ये भिजवतं, तेव्हा विचारल्याशिवाय नाही. शेवटी मी घरीच केला. सासूबाईंनी पारी अशी ताणली की इथल्या बायकांनी शिकायला यावं. पुरणपोळीचा हात आहे तो. आत तासगावचा बेदाणा.

एका शनिवारी ३८ए बसने काह्लेनबेर्गच्या टेकडीवर गेलो आणि द्राक्षमळ्यांतून नुसडोर्फपर्यंत चालत उतरलो. शहराच्या हद्दीतच जवळपास सातशे हेक्टर द्राक्षं आहेत हे कळल्यावर त्यांचा थकवा कुठल्या कुठे गेला. प्रत्येक ओळीपाशी थांबायच्या. मांडव का नाही? वेल इतके बुटके का? एकाच मळ्यात वेगवेगळ्या जातींचे वेल एकत्र लावतात आणि एकदमच तोडतात हे त्यांना पटेचना. मग कळलं की ही सगळी द्राक्षं वाइनला जातात. "एवढी सगळी? दारूला?" एका घडाला हात लावून उभ्या राहिल्या. खाली उतरताना ठिकठिकाणी गढूळ रसाचे ग्लास मांडले होते, माणसं मजेत पीत होती. त्या हंगामात गेलात तर लक्षात ठेवा, त्याला श्टुर्म म्हणतात आणि तो रस नसतो, आंबायला लागलेली दारूच असते. आम्ही पाणी गाळून प्यायलो आणि डी ट्रामने घरी आलो.

दशलक्षण पर्वात त्यांचं एकासन होतं. तरी संध्याकाळी आमच्याबरोबर यायच्या. आम्हीही दहा दिवस बाहेर काही घेतलं नाही, नुसते रिंग रस्त्याने चालायचो. मला वाटायचं, काही खायचं-प्यायचं नसेल तर हिंडण्यात काय मजा. पण त्या दहा दिवसांत त्यांनी ह्यांच्या लहानपणीच्या जेवढ्या गोष्टी सांगितल्या तेवढ्या मी बारा वर्षांच्या संसारात ऐकल्या नव्हत्या.

आता अवघड भाग. ऑक्टोबर लागला तसा उजेड झपाट्याने आटला. ह्यांचं ऑफिस साडेसहापर्यंत. पहिले काही दिवस "ऑफिसातच खाल्लं" म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं तासभर मागे नेतात. एका रात्रीत सूर्यास्त पावणेपाचवर आला. सोमवारी हे सातला घरी आले आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, दिवा न लावता, गार पोळी खाताना सासूबाईंनी पाहिलं.

"कधीपासून?"

"इथं आल्यापासून आई. फक्त हिवाळ्यात."

एवढंच. त्या रात्री घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मला दोघांची बाजू दिसत होती. माझी नोकरी अर्ध्या दिवसाची, म्हणून माझा नियम टिकला, त्यात माझं काही मोठेपण नाही. सकाळी आठला बाहेर पडणाऱ्या माणसाने चारच्या आत जेवण कसं उरकायचं, हे सांगणं घरी बसून सोपं असतं. पण ज्या बाईने मुलाला पहिल्या घासाबरोबर हे शिकवलं तिला काय वाटलं असेल?

दुसऱ्या दिवशी साडेसहाला सासूबाईंनी गॅस पेटवला. हे आले तसं गरम भाकरी आणि भोपळ्याची भाजी टेबलावर वाढली, दिवा लावला आणि स्वतः ताटाशिवाय समोर बसल्या. "उपाशी राहून काम होत नाही. खातोस ते माझ्यासमोर खा, चोरून नको." ह्यांना घास उतरेना. त्या बसून राहिल्या, बागेच्या गोष्टी सांगत, जेवण होईपर्यंत. जाईपर्यंतचे आठही दिवस तसंच.

आपल्या श्रावकाच्या व्रतांत भोगोपभोगपरिमाण आहे. मी ते पाठशाळेत पाठ केलं होतं, पण 'परिमाण' म्हणजे आपलं माप आपण ठरवायचं, हे त्या आठवड्यात नीट समजलं. हे विमानतळावर त्यांना म्हणाले, अष्टमी-चतुर्दशी आणि शनिवार-रविवार सांभाळतो, बाकीचं जमेल तसं वाढवीन. त्यांनी "बरं" म्हटलं. आनंद झाला की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

आता भर हिवाळा आहे. शनिवारी आम्ही दोनलाच घराबाहेर पडतो. कोपऱ्याकोपऱ्यावर भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या आहेत. चेस्टनट झाडावरचं फळ, कंद नाही, पण त्याच गाडीवर बटाटेही भाजतात, म्हणून वेगळा तवा असेल तिथेच घेतो. मग कॉफीघर. साडेतीनपर्यंत कप रिकामे. तासगावात तेव्हा रात्रीचे आठ असतात, सासूबाईंचं सगळं आवरलेलं असतं. लेक व्हिडिओ लावून आजीला ट्रे दाखवते. रिकामा ग्लास अजून येतो, तो त्यांना आधी बघायचा असतो. मग मुलाचा कप बघतात, खिडकीबाहेर उजेड आहे का तेही बघतात.

गेल्या खेपेला म्हणाल्या, त्या टेकडीवरच्या मळ्यात छाटणी कधी धरतात ते विचारून ठेव, आणि काडी किती डोळ्यांवर ठेवतात तेही. येत्या शनिवारी ऊन असेल तर तिकडेच जायचं म्हणतोय.