बापाचा हिशेब

परमुलखात गेलेला मुलगा कुणाच्या प्रेमात पडला आहे, ही वार्ता बापापर्यंत सहसा उघडपणे येत नाही. ती दुसऱ्याच एखाद्या वार्तेच्या वेष्टनात येते. वोल्फगांग मोत्सार्टने ४ फेब्रुवारी १७७८ रोजी मानहाइमहून साल्झबुर्गला आपल्या वडिलांना लिहिलेले पत्र हा या प्रकाराचा उत्तम नमुना होय. मुलगा बावीस वर्षांचा. पॅरिसला जाऊन नाव मिळवावे, जमल्यास चांगली नोकरी मिळवावी, हा बेत बापाचा. आर्चबिशपने रजा नाकारल्यामुळे बाप मागे राहिलेला आणि सोबतीला आई गेलेली. या पत्रात मुलगा कळवतो की, ज्या वादकांबरोबर पॅरिसला जायचे ठरले आहे त्यांचे धर्माचरण ठीक नाही, तेव्हा ती संगत नकोच. त्यापेक्षा वेबर नावाच्या एका गरीब पण सज्जन कुटुंबासह इटलीला जावे. त्यांची मुलगी आलोयझिया फार सुरेख गाते. तिला तिकडे प्रमुख गायिकेचे काम मिळवून द्यावे, आणि त्यासाठी वडिलांनी आपल्या ओळखी वापराव्यात.

पत्रात प्रेमाचा उच्चार नाही. आहे तो परोपकार, आहे ती कलेची सेवा, आणि बापाच्याच भाविकपणाची पुढे केलेली ढाल. परंतु त्याच पत्राखाली आईने चार ओळी जोडल्या आहेत. मुलगा जेवणात गुंतलेला असताना, त्याच्या नजरेस पडू नये म्हणून घाईघाईने लिहिलेल्या. नवी ओळख झाली की हा लगेच आपले सर्वस्व तिच्या हवाली करायला निघतो, असे तिचे म्हणणे. बापाला खरी बातमी कळली ती या चार ओळींतून.

लिओपोल्डचे उत्तर ११ आणि १२ फेब्रुवारीचे आहे. टपालाला सुमारे सहा दिवस लागत, हे ध्यानात घेता त्याने एक दिवसही दवडलेला नाही. हे पत्र म्हणजे एका कसलेल्या माणसाने रचलेला युक्तिवाद आहे. रंगभूमीवर कधी पाऊल न टाकलेल्या मुलीला इटलीत एकदम प्रमुख भूमिका कोण देईल, असे विचारून तो नामवंत गायिकांची उदाहरणे देतो. जगाने विसरून जावे असा सामान्य वादक व्हायचे, की पुढच्या पिढ्यांनी पुस्तकांत वाचावे असा संगीतकार व्हायचे, हा पर्याय तो मुलापुढे ठेवतो. एखाद्या बाईच्या नादाने उपाशी पोरांनी भरलेल्या खोलीत गवताच्या अंथरुणावर मरण्याचे चित्रही रेखाटतो. आणि वारंवार येतो तो पैशाचा हिशेब. या प्रवासापायी सुमारे ७०० गुल्डेनचे कर्ज डोक्यावर होते, हे त्याच महिन्यातल्या पत्रांतून कळते. आज्ञा एकच: पॅरिसला नीघ.

एमिली अँडरसन यांनी १९३८ साली या कुटुंबाची पत्रे तीन खंडांत इंग्रजीत आणली. ती आम्ही दोघांनी संध्याकाळच्या वेळी मोठ्याने वाचली. एकाने बापाची, दुसऱ्याने मुलाची. आम्ही दोघेही साहित्याचे शिक्षक, आणि आमचा मुलगा गेली काही वर्षे परदेशात. त्याच्या एका लांबलचक ईमेलमध्ये प्रयोगशाळेची, हवामानाची आणि भाड्याची हकीकत सांगून झाल्यावर, एका सहकारी मुलीच्या कामाचे जरा जास्तच कौतुक आले होते. तिचे वय त्याच्याहून बरेच अधिक, पहिला संसार मोडलेला, एक लहान मूल पदरी. तेव्हा लिओपोल्डची वाक्ये वाचताना आमचा स्वर नको तितका खरा लागत असे, हे सांगणे प्राप्त आहे.

साहित्याच्या वर्गात लिओपोल्डला सहसा जाच करणाऱ्या बापाची भूमिका मिळते. हा अन्याय आहे. हा मनुष्य स्वतः ऑग्सबुर्गहून साल्झबुर्गला शिकायला आला, १७३९ साली हजेरीअभावी विद्यापीठातून काढला गेला, आणि घरच्यांनी योजलेली धर्मोपदेशकाची वाट सोडून व्हायोलिनवादक झाला. घराबाहेर पडलेला तरुण काय करू शकतो, हे त्याला ऐकून नव्हे तर अनुभवाने ठाऊक होते. त्याची चिंता अज्ञानातून आलेली नाही.

पुढे काय झाले? मुलाने आज्ञा मानली. ठरल्या बेतानुसार आई मानहाइमहून घरी परतायची होती. पण आता मुलाला एकटे सोडू नये म्हणून बापाने तिलाही पॅरिसला जायला सांगितले. तेथे ३ जुलै १७७८ रोजी ती वारली. त्या रात्री मुलाने बापाला ती अत्यवस्थ आहे एवढेच लिहिले, आणि घरच्या एका स्नेह्याला वेगळे पत्र लिहून बापाच्या मनाची तयारी करायला विनवले. त्याच वर्षीच्या नाताळात म्यूनिकला आलोयझियाने त्याला झिडकारले. म्हणजे तिच्या मनाविषयी बापाची धास्ती खरी ठरली. पण तिच्या गळ्याविषयी मुलगा खरा ठरला. ती काही महिन्यांतच म्यूनिकच्या दरबारी ऑपेरात गेली, १७७९ मध्ये व्हिएन्नाला पोहोचली, आणि १७८८ साली ‘डॉन जोव्हानी’च्या तेथील पहिल्या प्रयोगात डोना आन्ना गायली. १७८५ मध्ये व्हिएन्नाच्या मुक्कामात लिओपोल्डने तिचे गाणे अखेर ऐकले. लेकीला लिहिलेल्या पत्रात त्याने उणिवा सांगितल्या, पण तिच्या भावपूर्ण गायकीला दादही दिली.

आमच्या मते सारे मर्म येथे आहे. ज्या मुलीला त्याने फेब्रुवारी १७७८ मध्ये अयोग्य ठरवले, तिचा एक सूरही तोवर त्याच्या कानी पडलेला नव्हता. त्याच्यापुढे होते मुलाचे उतावीळ पत्र, बायकोच्या चार ओळी आणि कर्जाचा आकडा. एवढ्यावर त्याने जो निर्णय दिला तो बराचसा बरोबर होता, आणि त्याच निर्णयाच्या वाटेवर त्याची बायको गेली. बरोबर ठरण्याने बापाचे काहीच वाचले नाही.

आमच्या मुलाला उत्तर लिहिताना आम्ही सल्ला दिला नाही असे नाही. बापपण आणि आईपण इतक्या सहजी सुटत नाही. मात्र वय आणि पूर्वीचा संसार या प्रश्नांआधी आम्ही एक विनंती लिहिली: तिच्याशी आमचे बोलणे करून दे. उत्तर यायचे आहे.

जाता जाता एक गोष्ट. आलोयझियाच्याच धाकट्या बहिणीशी, कोन्स्टान्झशी, मोत्सार्टने ४ ऑगस्ट १७८२ रोजी लग्न केले. बापाची संमती दुसऱ्या दिवशी पोहोचली. त्या काळातली बापाची मुलाला लिहिलेली पत्रे उपलब्ध नाहीत. मुलाचे समर्थन तेवढे आपल्यापुढे आहे. त्याने कशाकशाला उत्तर दिले आहे, यावरून बापाने काय लिहिले असेल याचा अंदाज करावा लागतो. आम्हांस तो अंदाज करायला फार वेळ लागला नाही.