हरत आलेला डाव

गेल्या नाताळच्या सुटींत आम्हीं एक साम्राज्य सांभाळलें, असें सांगितलें तर आमचे विद्यार्थी हंसतील आणि त्यांचे पालक आमच्या प्रकृतीविषयीं चौकशी करतील. परंतु गोष्ट खरी आहे. हें साम्राज्य रोमचें होतें. त्याचा विस्तार अवघ्या दोन शहरांचा होता. आणि तें आमच्या हातीं आलें तेव्हां शेजारच्या राणीचे घोडेस्वार राजधानीच्या शेतांतून धांवत होते.

खेळाचें नांव 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर व ब्रूस शेली या दोघां गृहस्थांनीं तो १९९१ सालीं अमेरिकेंत सिद्ध केला. आमच्या घरच्या संगणकावर आहे ती त्याची सहावी, २०१६ सालची आवृत्ति, व तिला २०१८ सालीं जोडलेली पुरवणी. इसवी सनापूर्वीं ४००० या वर्षीं वसाहत करणाऱ्यांची एक तुकडी आणि एक योद्धा एवढ्या भांडवलावर आरंभ होतो. पुढें बुद्धिबळाप्रमाणें पाळीपाळीनें चालावयाचें. शहरें वसवावीं, शेतें करावीं, विद्या संपादावी, शेजाऱ्यांशीं तह किंवा कलह करावा, आणि शेकडों पाळ्यांनंतर कोणी तलवारीनें, कोणी संस्कृतीनें, कोणी अंतराळांत जाऊन जिंकावें. इतिहास शिकविण्यांत वीस वर्षें गेल्यामुळें आमचें मत असें, कीं या खेळांत इतिहास थोडा आणि हिशेब फार आहे. तथापि हिशेबांतही कांहीं शिकण्यासारखें असतें, हें आम्हांस उशिरां कळलें.

आमचे चिरंजीव नववींत आहेत. सुटीच्या पहिल्याच दिवशीं त्यांच्या मागें उभे असतां जतन करून ठेवलेल्या डावांची यादी आमच्या दृष्टीस पडली. एकतीस डाव होते. शिक्षकाच्या संवयीनें आम्हीं ते तपासले, तों एकही डाव एकशेंदहाव्या पाळीपलीकडे गेलेला नव्हता.

"पुढें काय झालें यांचें?" आम्हीं विचारलें.

"कांहीं नाहीं, पप्पा. बिघडले होते. एकदां बिघडला कीं नवा मांडायचा."

हें उत्तर ऐकून आम्ही जे गप्प झालों त्याचें कारण खेळांत नव्हतें. त्याच आठवड्यांत सहामाही परीक्षेचा निकाल आला होता. गणितांत ऐंशींपैकीं एकोणीस. मुलगा दोन दिवस जेवला नव्हता, आणि तिसऱ्या दिवशीं त्यानें आईजवळ एवढेंच म्हटलें होतें, कीं मला दुसऱ्या शाळेंत घाला, जेथें मला कोणी ओळखत नाहीं. आम्हीं विरोध केला नव्हता. उलट, दाखला मिळण्याचा अर्ज आम्हींच आपल्या हातानें, चांगल्या अक्षरांत लिहिला होता. सही तेवढी राहिली होती. कित्येक पालकांस आम्हीं हाच सल्ला दिला आहे, आणि देतांना आपण फार समंजस आहों असें आम्हांस वाटत आलें आहे.

त्या रात्रीं कौटुंबिक प्रार्थना झाल्यावर आम्हीं चिरंजीवांस विनंती केली, कीं यांतला सर्वांत बिघडलेला डाव आम्हांस द्यावा. त्यांनीं मोठ्या औदार्यानें रोमचा दिला. शेजारीं स्किथियाची राणी टोमिरिस. या राणीस खेळांत असा वर आहे, कीं एक घोडेस्वार तयार केला कीं दुसरा फुकट मिळतो. चौऱ्यायशींव्या पाळीस तिनें रोमचें एक शहर घेतलें होतें. उरलेल्या दोन शहरांत मिळून तीन तुकड्या होत्या, खजिना रिकामा होता, आणि गुणांच्या यादींत आमचा क्रमांक सर्वांत खालचा.

पहिल्या चार दिवसांत आमच्या हातून पुष्कळ मूर्खपणा झाला. गेलेलें शहर लागलीच परत घ्यावें म्हणून आम्हीं तिन्ही तुकड्या बाहेर काढल्या आणि त्यांतील एक गमावली. चिरंजीव मागें बसून पाहत होते. "पप्पा, बाहेर नका जाऊं," ते शेवटीं म्हणाले; "आधीं भिंत बांधा." दगडाची खाण जवळच होती. या खेळांत अशी योजना आहे, कीं एखादें काम हातानें करून पाहिलें म्हणजे त्यासंबंधींची विद्या सुमारें दोन पंचमांश स्वस्त पडते. खाण काढणारास गवंडीकाम लवकर येतें. खाण झाली, गवंडीकाम आलें, आणि ब्याण्णवाव्या पाळीस राजधानीभोंवतीं तट उभा राहिला. तट बांधणारें शहर स्वतःच शत्रूवर बाण टाकूं लागतें. शिवाय वेढ्याचीं यंत्रें जवळ नसलीं तर घोडेस्वारांच्या माऱ्यानें तटाचें फारसें कांहीं बिघडत नाहीं. जे घोडे आमच्या पायदळास तुडवून गेले होते ते भिंतीपुढें निरुपयोगी झाले. एका हातानें काम आणि दुसऱ्या हातांत शस्त्र धरून बावन दिवसांत यरुशलेमेचा तट पुरा करणाऱ्या नहेम्याच्या लोकांची आम्हांस आठवण झाली, आणि ती आम्हीं बोलूनही दाखविली. चिरंजीवांनीं उपदेशाचा वास आल्याप्रमाणें मान फिरविली. तेथून पुढें आम्हीं शास्त्रवचनें आवरलीं.

परंतु इतिहासाच्या शिक्षकास किती आवरणार? राजाराम महाराज १६८९ सालीं रायगड सोडून दूर जिंजीस गेले, आणि मोंगलांची मोठी फौज त्या किल्ल्याभोंवतीं १६९८ पर्यंत गुंतून पडली, हें आम्ही दरवर्षीं वर्गांत सांगतों. मुलुख देऊन वेळ विकत घेणें म्हणजे काय, तें मात्र त्या संध्याकाळीं प्रथमच नीट समजलें. टोमिरिसचे स्वार भिंतीखालीं मरत राहिले. एकशेंतिसाव्या पाळीस तिनें तह केला. तहांत आम्हांस कांहींच मिळालें नाहीं. गेलेलें शहर तिच्याकडेच राहिलें. तरी चिरंजीवांनीं आईस हांक मारून तें वर्तमान सांगितलें.

यानंतरचा काळ अगदीं रुक्ष होता. आमच्या भूमींत द्राक्षमळे होते. आपल्यापुरतें ठेवून उरलेला माल आम्हीं दूरच्या एका राजास सोन्याच्या बदल्यांत दिला. एका लहानशा नगरराज्यानें आमच्याकडे व्यापाराचा तांडा पाठविण्याची इच्छा दर्शविली, तो पाठविला, व आमचा एक दूत तेथें राहिला. डोंगराच्या कुशींत विद्यापीठाचा मोहल्ला वसविला, कारण लगतच्या प्रत्येक डोंगरामागें विद्येची एकेक भर पडते. भिंतींनीं तर आणखी एक काम केलें. तट बांधणाऱ्यास स्थापत्यविद्या स्वस्त पडते, आणि रोमनांस त्या विद्येबरोबर स्नानगृहें बांधतां येतात. म्हणजे जी भिंत भीतीनें बांधली तिच्यामुळें नागरिकांस आंघोळीची सोय झाली. यावर आम्ही दोघेही पुष्कळ हंसलों.

याच सुमारास पडद्यावर काळसर रंगांत सूचना आली, कीं रोमचें अंधारयुग सुरू झालें आहे. मागील कालखंडांत नांव घेण्यासारखें कांहीं न करणाऱ्या राष्ट्राच्या वांट्यास तें येतें. लोकांची निष्ठा ढिली पडते. आम्ही खट्टू झालों. चिरंजीव मात्र पुढें सरकून बसले.

"पप्पा, हें चांगलें आहे. अंधारयुगानंतर सुवर्णयुग मिळालें, तर तें साधें नसतें, वीरयुग होतें. इतरांस एक वर, आपल्याला तीन. आणि अंधारांतून वर यायला गुणही कमी लागतात."

"हें तुला ठाऊक होतें, तर मग एकदांही तेथवर कां गेला नाहींस?"

"वाचलेलें होतें," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानें, "तेथवर पोंचलोंच नाहीं कधीं."

तेव्हांपासून संगणकापुढील खुर्ची त्यांची झाली आणि आम्ही मागील स्टुलावर आलों. लहानसहान पराक्रमांची त्यांनीं वहींत यादीच केली: रानटी टोळीचा तळ उठविणें, अज्ञात प्रदेशांतील निसर्गाचें एखादें आश्चर्य शोधणें, पहिलें स्नानगृह पुरें करणें. प्रत्येकापुढें गुण लिहिले, उरलेल्या पाळ्यांनीं त्यांस भागून पाहिलें, आणि कोणतें काम आधीं घ्यावें तें ठरविलें. ज्या मुलास त्रैराशिक सुटत नाहीं म्हणून त्याच्या शिक्षकांनीं आम्हांस चिठी धाडली होती, तो स्टुलावरून आम्हांस दिसत होता. आम्ही कांहीं बोललों नाहीं. बोललों असतों तर वही बंद झाली असती.

एकशेंसाठाव्या पाळीच्या आगेंमागें वीरयुग आलें, आणि त्याबरोबर जें घडलें तें आम्हांस अपेक्षित नव्हतें. टोमिरिसनें घेतलेलें तें शहर तिच्या इतर शहरांपासून दूर आणि आमच्या राजधानीस लागून होतें. या पुरवणींत प्रत्येक शहराच्या निष्ठेवर जवळपासच्या लोकवस्तीचा दाब पडत असतो. सुवर्णयुगांतील राष्ट्राचा तो दीडपट पडतो. राजधानी मोठी झाली होती, टोमिरिसचें राज्य स्वतः अंधारयुगांत शिरलें होतें. त्या शहराची निष्ठा पाळीगणिक घटत गेली. प्रथम त्यानें बंड केलें व कांहीं पाळ्या तें कोणाचेंच नव्हतें. मग एकशेंएकाहत्तराव्या पाळीस तें आपण होऊन रोमला मिळालें. एकही बाण सुटला नाहीं. ज्या शहरासाठीं आम्हीं पहिल्याच संध्याकाळीं एक तुकडी मारविली होती तें असें परत आलें, तेव्हां रात्रीचे साडेनऊ झाले होते, आणि घरांत झालेल्या आरोळीनें शेजारच्या बाई काय झालें म्हणून पाहावयास आल्या.

डाव आम्ही जिंकलों, असें कोणी समजूं नये. दोनशेंतिसाव्या पाळीस चिरंजीव ऑक्सफर्ड विद्यापीठाची इमारत बांधीत होते. अशी इमारत जगांत एकच होऊं शकते. एक पाळी उरली असतां ती दुसऱ्या एका राजानें पुरी केली आणि आमचे इतक्या पाळ्यांचे श्रम गेले. आम्हांस खरोखर संताप आला. खेळ प्रत्येक पाळी आपोआप जतन करून ठेवतो, हें एव्हांना आम्ही शिकलों होतों. चार पाळ्या मागें जावें, मजूर वाढवावे, आणि त्या राजाच्या आधीं इमारत पुरी करावी, या हेतूनें आम्हीं स्टुलावरून हात लांबविला.

चिरंजीवांनीं आमचें मनगट धरलें. "नको, पप्पा. चालूं दे."

शाळा उघडल्यापासून खेळ शनिवारपुरताच चालतो. रोमचा क्रमांक सध्यां तिसरा आहे. दाखल्याचा अर्ज आमच्या टेबलाच्या खणांत आहे. परवां खडूची पेटी शोधतांना तो हातीं आला, त्यावर सही अद्याप झालेली नाहीं.