आधी भरलेले पैसे

मोटारीच्या विम्याचा कागद कुणी हौसेने वाचत नाही. मी वाचतो. त्यातले रस्त्यावरील मदतीचे कलम तर मला लहानशा कुंडलीसारखे वाटते. चाक पंक्चर होणे, बॅटरी उतरणे, पेट्रोल संपणे, किल्ली आत राहून दार लागणे, असे सगळे ग्रह तिथे ओळीने बसलेले असतात! मूळ विम्यावर थोडे जास्त भरले की हे कलम जोडून मिळते. मग फोन करायचा नि पॉलिसीचा नंबर सांगायचा. जागीच होण्यासारखे काम असले तर कारागीर ते करतो, नाही तर गाडी ओढून जवळच्या गॅरेजात नेतात. अर्थात किती अंतर ओढायचे, वर्षातून कितीदा बोलवायचे, याला मर्यादा असते. आणि पेट्रोलचे, सुट्या भागांचे पैसे बहुधा आपलेच.

इंग्लंडात १९०५ साली मोटारवाल्यांची संघटना निघाली, ती पोलिसांचे वेगाचे सापळे चुकवण्यासाठी. पुढे तिचे रस्त्यावरचे शिपाई सभासदाचा बिल्ला पाहून सलाम ठोकत. आपल्याकडे बोरघाटात ड्रायव्हर शिंगरोबापुढे नाणे टाकतात. तोही हप्ताच की!

मागच्या पावसाळ्यात एका घाटात रात्री आमची गाडी बंद पडली. बरोबर ऐंशीच्या घरातली आई. मी फोन केला नि वाट पाहत बसलो. तेवढ्यात एक ट्रकवाला थांबला. त्याने गाडीच्या मागे थोड्या अंतरावर दगड मांडले, वर झाडाची फांदी ठेवली आणि नावही न सांगता निघून गेला.

दीड तासाने क्रेन आली. आईने हळूच विचारले, "काय द्यायचे रे त्याला?"

"काही नाही. आधीच भरलेत."

ती सैल होऊन मागे टेकली. जन्मभर कुणाचे मिंधे होऊ नये म्हणून जपलेली बाई! रात्री रस्त्यावर हात जोडावे लागत नाहीत, हीच त्या कागदाची खरी किंमत, हे मला तेव्हा उमगले.

गाडी क्रेनला अडकवून झाली, तरी तो माणूस आत बसेना. भर पावसात मागे जाऊन त्याने ते दगड एकेक उचलून कडेला टाकले.

"मागून येणाऱ्याला नडतील," तो म्हणाला.

आई पुन्हा सरळ होऊन बसली. याचे काही आधी भरलेले नव्हते.