पुलावरचे आकडे

सांगलीत वाढलो, तरी आयर्विन पूल मी नीट पाहिला तो एका फोटोवॉकमध्ये. थंडीतली सकाळ, आम्ही चौदा जण, बहुतेकांकडे मोबाइलच. वाट दाखवणारे सर म्हणाले, "पहिली दहा मिनिटं कॅमेरा खिशात."

१९२९चा पूल. खाली कृष्णा, खांबावर पाण्याची उंची मोजायचे आकडे. बाकीचे धुक्यात रमले. मी आकड्यांपाशी अडकलो. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी इथं ५७ फुटांवर गेलं होतं. मी तेव्हा पुण्यात, कोड लिहिता लिहिता दर तासाला मोबाइलवर हाच आकडा बघत होतो. बाबा फोनवर म्हणायचे, "काळजी करू नकोस, पायरीपर्यंतच आलंय." घरी पोचलो तेव्हा आईबाबांच्या लग्नाचा अल्बम चिखलानं चिकटून वीट झाला होता.

शेवटी प्रत्येकानं एकच फोटो दाखवायचा होता. माझा साधाच: कोरडे आकडे, खाली शांत नदी. कुणीतरी म्हणालं, "यात काही घडतच नाहीये."

घरी बाबांना दाखवला. त्यांनी झूम करून एका आकड्यावर बोट ठेवलं.

"पाणी इथं असताना आम्ही घर सोडलं."

हे त्यांनी मला आजवर सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.