मोठं बोअर, मंद गोळी

अ‍ॅरिझोनातल्या बंदुकीच्या दुकानात काचेखाली सगळ्यात पुढे मांडलेली असतात ती काळी, चौकोनी पिस्तुलं. खप त्यांचाच. हलकं प्लॅस्टिकचं अंग, पोटात पंधरा-सतरा गोळ्या, आणि पोलिसाच्या कमरेलाही तेच. रिव्हॉल्व्हरं मागच्या कोपऱ्यात. तिथं उभं राहणारं गिऱ्हाईकही निराळं असतं. वय उतरणीला लागलेलं, घाई नाही, आणि काय हवंय ते बहुधा घरूनच ठरवून आलेलं. विचारलं तर कारणं दोन सांगतात. घरात रात्रीबेरात्री असावं म्हणून, आणि शनिवारी चांदमारीला न्यावं म्हणून. तिसरं कारण कोणी सांगत नाही. सिलिंडर बाहेर काढायचा, बोटानं हळूच फिरवायचा आणि त्या टिकटिक आवाजाकडे कान लावून उभं राहायचं, हेच ते कारण. (सिनेमात मनगटाच्या झटक्यानं सिलिंडर बंद करतात. दुकानात तसं केलंत तर दुकानदार हत्यार तुमच्या हातातून काढून घेईल. सिलिंडर ज्या दांडीवर लटकतो ती अशानं वाकते.)

माझा मित्र मूळचा नागपूरचा. निम्मं आयुष्य फिनिक्समध्ये गेलं. नागरिकत्व मिळालं, मुलं शिकून बाहेर पडली, आणि मग त्याच्या डोक्यात .४४ बोअरचं रिव्हॉल्व्हर शिरलं. .३८ नको, .३५७ सुद्धा नको. भोक मोठं हवं. वहिनींनी मला साक्षीला ओढलं. ‘‘भावजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना. चोर येणार एक, तोही आला तर. आणि ह्यांना हवंय अस्वल मारायचं हत्यार!’’

वहिनी अतिशयोक्ती करत नव्हत्या. .४४ मॅग्नम खरोखरच रानातल्या माणसासाठी जन्माला आलं. आयडाहोतला एल्मर कीथ हा गुराखी-शिकारी, डोक्यावर भली मोठी हॅट, हातात कायम रिव्हॉल्व्हर. १९०७-०८च्या सुमारास आलेल्या शांत .४४ स्पेशल काडतुसात तो वर्षानुवर्षं जास्त दारू ठासत राहिला आणि लेख लिहून कारखानदारांच्या मागे लागला. शेवटी १९५५च्या अखेरीस स्मिथ अँड वेसननं रिव्हॉल्व्हर आणि रेमिंग्टननं काडतूस केलं. पुंगळी मुद्दाम स्पेशलपेक्षा इंचाच्या आठव्या भागानं लांब ठेवली. नवं जहाल काडतूस कोणी चुकून जुन्या, दुबळ्या .४४ मध्ये घालू नये म्हणून ही खबरदारी. उलट मात्र चालतं. मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्पेशल खुशाल भरा. या इंचाच्या आठव्या भागातच आजच्या गिऱ्हाइकाचं सगळं शहाणपण मावलेलं आहे, पण ते काचेच्या या बाजूला उभ्या माणसाला दिसत नाही. त्याला दिसतं ते नळीचं तोंड.

आता गंमत अशी, की या नळ्यांचा इतिहास वाचू लागलं की तो पराक्रमाचा कमी आणि माघारीचा जास्त निघतो. १८४७ साली मेक्सिकोशी युद्ध चालू असताना कॅप्टन सॅम्युअल वॉकरच्या सांगण्यावरून सॅम्युअल कोल्टनं एक .४४ घडवलं. वजन दोन किलोच्या वर, नळी नऊ इंच, एकेका कप्प्यात साठ ग्रेनपर्यंत काळी दारू. घोडेस्वाराच्या खोगिराला लटकवायचं ते हत्यार, कमरेला नव्हे. काहींचे सिलिंडर फुटले. वॉकर त्याच वर्षी ऑक्टोबरात वामांत्लाच्या लढाईत पडला, आणि कोल्टनं पुढचं रिव्हॉल्व्हर केलं ते आखूड सिलिंडरचं, कमी दारूचं. १८७३ साली कोल्टचंच .४५ आलं, पश्चिमेच्या सिनेमांत प्रत्येक कमरेला दिसतं ते. मूळ काडतुसात चाळीस ग्रेन दारू होती. लष्करानं सैनिकांचे हात पाहिले आणि भरणा उतरवला. ब्रिटिश सैन्याचं .४५५ वेब्ली १८८७ पासून सोजिरांच्या कमरेला होतं आणि पहिलं महायुद्ध खंदकांत लढून आलं. त्याचंही पुढे तेच झालं. नव्या भरतीच्या पोरांना कमी वेळात नेमबाजी शिकवायची तर एवढा धक्का परवडत नाही, म्हणून १९३२ साली त्यांनी .३८ घेतलं.

मोठं बोअर हवं म्हणणाऱ्यांच्या हातीही पुरावा आहेच, तो नाकारून चालणार नाही. फिलिपिन्समध्ये मोरो लढवय्यांपुढे अमेरिकी सैन्याचं .३८ तोकडं पडलं आणि पेटाऱ्यातली जुनी .४५ पुन्हा बाहेर काढावी लागली. मग १९०४ साली थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी माणसांच्या प्रेतांवर आणि शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर गोळ्या झाडून पाहिल्या. शिफारस केली, .४५ हून लहान बोअर नको. त्या प्रयोगाची शास्त्रशुद्धता आज कोणी मानत नाही आणि वाचताना पोटात ढवळतं. पण आजही दुकानात कोणी ‘मोठी, जड, संथ गोळी’ म्हणतो तेव्हा त्याच्या मागे तोच कत्तलखाना उभा असतो. ‘संथ’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. .४४ स्पेशलची जुनी गोळी २४६ ग्रेनची, वेग सेकंदाला साडेसातशे फुटांच्या आसपास. मॅग्नम जवळपास तेवढ्याच वजनाची गोळी हजारांच्या बऱ्याच पुढे पळवतं. भोक एकच, पण हाताशी होणारं बोलणं अगदी वेगळं. (आणि .४४ म्हणजे .४४ नव्हेच. गोळी मोजली तर भरते .४२९ इंच. जुन्या काळी माप पुंगळीच्या बाहेरून धरत, तोच आकडा पुढं नावाला चिकटून राहिला.)

मग मित्राच्या डोक्यात मॅग्नम कुठून आलं? जिथून सगळ्यांच्या आलं तिथूनच. १९७१ साली ‘डर्टी हॅरी’ हा सिनेमा आला. क्लिंट ईस्टवुडच्या हातात ते लांब नळीचं .४४ मॅग्नम, स्मिथ अँड वेसनचं मॉडेल २९, पाहून गिऱ्हाइकं इतकी तुटून पडली, की पुढं काही काळ ते मिळणं मुश्कील झालं. दुकानदार अजून हसत सांगतात, की त्यातली पुष्कळशी लवकरच जुन्या मालात परत आली, सोबत पन्नास काडतुसांचा खोका आणि त्यात सहाच कमी. खरं-खोटं दुकानदार जाणे. पण १९७३च्या पुढच्या भागात, ‘मॅग्नम फोर्स’मध्ये, खुद्द हॅरीच सांगतो की आपण हलकं स्पेशल वापरतो, हात ताब्यात राहतो म्हणून. ज्याच्यामुळे लोकांनी मॅग्नम विकत घेतलं तो स्वतः मॅग्नम झाडत नव्हता! हे वाक्य बहुतेकांच्या कानावरून गेलं. नळी तेवढी लक्षात राहिली.

फिनिक्सच्या उत्तरेला, वस्ती संपून सग्वारो निवडुंगांचा माळ सुरू होतो तिथं बेन एव्हरी चांदमारी आहे. राज्याच्या शिकार आणि मत्स्य खात्याची, आणि प्रचंड. सकाळी लवकर गेलं तर ऊन सुसह्य असतं, मागच्या टेकड्या जांभळ्या दिसतात आणि झुडपांतून लाव्यांचे थवे तुरुतुरु पळतात. त्यांना बारांची सवय झालेली आहे. शिस्त मात्र देवळातल्यापेक्षा कडक. लाउडस्पीकरवरून ‘रेंज कोल्ड’ म्हटलं की हत्यारं रिकामी, उघडी, टेबलावर, आणि सगळी माणसं रेघेच्या मागे. कोणी बोट लावायचं नाही. लक्षाधीश असो की पेट्रोलपंपावरचा पोऱ्या, सगळे हात मागे बांधून उभे.

तिथं भाड्याच्या मॅग्नमचा पहिला बार मित्रानं काढला. नळी आभाळाकडे गेली, शेजारच्या तीन गल्ल्यांतल्या माणसांनी वळून पाहिलं, आणि छाताडाच्या आकृतीच्या कागदावर कुठेही भोक नव्हतं. दुसऱ्या बाराच्या वेळी जे व्हायचं तेच झालं. गोळी सुटण्याआधीच मनगट घाबरून खाली झुकलं. नेमबाजीत याहून वाईट खोड नाही आणि मॅग्नम ती एका सकाळीत लावतं. मग त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये स्पेशल भरली. सव्वा किलोच्या वरचं पोलाद, त्यात ही मवाळ काडतुसं. धक्का असा, की जत्रेत गर्दीनं मागून हलकेच पुढं ढकलावं. आवाजही कर्कश नाही, खोल. चाप नुसता ओढत नेला तर दहा-बारा पौंड जोर लागतो, घोडा आधी अंगठ्यानं मागं घेतला तर तीन-चारच. आता कागदावर भोकं पडू लागली, गोल, स्वच्छ, बोट जाईल एवढी, आणि सगळी एका बशीत मावतील इतकी जवळ. मोठ्या बोअरचं खरं सुख हेच, असं माझं मत. नेमाची माशी नळीच्या टोकावर स्थिरावते, चाप काचेसारखा तुटतो म्हणतात तसा तुटतो, आणि भोक डोळ्यांना लांबून दिसतं. उतारवयात चष्म्यामागच्या डोळ्यांना ही सोय लहान नाही.

वहिनी येणार नव्हत्या, तरी आल्या होत्या. त्यांनीही बार काढले. त्यांची तक्रार धक्क्याची नव्हती, मुठीची होती. १९०७ साली .४४ स्पेशलसाठी घडवलेला तो मोठा सांगाडा पुरुषी पंजाच्या मापाचा. त्यांचं बोट चापापर्यंत पोचतानाच सगळी पकड सुटे. लहान सांगाड्यावर पाचच काडतुसांची .४४ मिळतात, रूगरचं जीपी-१०० आहे, स्मिथचं ६९ आहे, ती त्यांच्या हातात बसली. चार्टर आर्म्सचं बुलडॉग त्याहून हलकं, सहाशे ग्रॅमच्या जवळपास, खिशाला बरं. पण चांदमारीला न्यायचं असेल तर हात जोडावेत. हलक्या हत्यारात स्पेशलसुद्धा सौम्य राहत नाही. .४५ एसीपीची रिव्हॉल्व्हरंही पाहिली. पहिल्या महायुद्धात पिस्तुलं पुरेनात म्हणून १९१७ साली पिस्तुलाची बिनकाठाची काडतुसं पोलादी चकतीत अडकवून रिव्हॉल्व्हरमध्ये घालायची युक्ती निघाली, ती अजून चालते. सगळी काडतुसं चकतीसकट एकदम आत, एकदम बाहेर. अंधारात चाचपडायचं असेल तर माझं मत त्याला गेलं असतं. मित्रानं ऐकून घेतलं आणि पुन्हा .४४ कडे वळला.

पण खरा प्रश्न वहिनींनीच विचारला, परतताना गाडीत. ‘‘भावजी, आपल्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे कोण झोपतं?’’

मित्राच्या आजोबांचा वाडा भंडाऱ्याकडचा, मालगुजारी जमान्यातला. हातभर जाडीच्या भिंती. दारामागे बाराची दुनळी असे, दसऱ्याला पाटावर मांडून तिला हळदकुंकू. त्या भिंतीत गोळी शिरली असती तर तिथंच विझली असती. अमेरिकन घराची आतली भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या दोन्ही अंगांना अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे, मध्ये पोकळी. मुठीनं ठोसा मारला तर खड्डा पडतो. चोराला थांबवू शकेल अशी कोणतीही गोळी अशा कैक भिंती ओलांडते, पोकळ टोकाची असली तरी. मॅग्नम तर नातवाच्या खोलीतून शेजाऱ्याच्या अंगणात. फिनिक्सहून दोनेक तासांवर पॉल्डनला जेफ कूपरनं १९७६ साली नेमबाजीची शाळा काढली, गनसाइट. .४५चा कट्टर पुरस्कर्ता माणूस. त्याच्या सुरक्षेच्या चार नियमांतला शेवटचा हाच, की नेम कशावर आहे आणि त्यामागे काय आहे ते आधी ओळखा. मोठ्या बोअरच्या भक्तानंच हे सांगून ठेवलंय.

आणि कान. बंद खोलीत, कानावर काही नसताना मॅग्नमचा एक बार म्हणजे दीडशे डेसिबलच्याही वर. एकशेचाळीसच्या पुढं एकाच आवाजानं कान कायमचा जाऊ शकतो. अंधारात नळीतून निघणारा जाळ डोळ्यांपुढे काही क्षण पांढरा पडदा धरतो. ज्याला घर राखायचं आहे तो पहिल्याच बारानंतर आंधळा-बहिरा. हे सगळं कोणी काचेखाली लिहून ठेवत नाही. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हेही तिथं लिहिलेलं नसतं. रिव्हॉल्व्हर घेण्याआधी बिछान्याजवळ भिंतीला बोल्टनं जखडलेली पोलादी पेटी घ्यावी, ती उघडणाऱ्या बोटांची नावं ठरवावीत, आणि घरात कोणी खचलेलं असेल तर हत्यार घराबाहेर ठेवावं. रिव्हॉल्व्हरच्या निवडीपेक्षा मी या निवडीला मोठं मानतो. मित्राला तसं स्पष्ट बोललो. त्यानं मान हलवली आणि पेटी खरंच आधी आणली.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, हा पेच एवढ्या थाटात पडतच नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या चौकटीत लष्कर-पोलिसांची बोअरं सामान्य परवानेदाराला निषिद्ध. .३८, .४५५, .४५ त्यात आलीच. परवाना मिळालाच तर बहुतेकांच्या वाट्याला येतं ते कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२. अमेरिकेत मात्र फेडरल फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी संगणकावर पार पडली, की माणूस .४४ घेऊन बाहेर. ग्रीन कार्डवाल्यालाही चालतं. एच-वन व्हिसावर आलेल्या आपल्या पोरांना एरवी मनाई, पण शिकारीचा परवाना काढला की दार किलकिलं होतं. कायद्याची ही वळणं पाहून मला नेहमी हसू येतं.

शेवटी मित्रानं जुन्या मालातलं घेतलं. चार इंची नळीचं, निळं पॉलिश मुठीपाशी विटलेलं मॅग्नम. स्पेशल काडतुसं कमी बनतात म्हणून महाग, तेव्हा गॅरेजमध्ये एक हातदाबाचं यंत्र बसलं. आता तो संध्याकाळी पुंगळ्या वेचून, पुसून, टोपी बसवून, मोजून दारू घालून आपल्या मापाची मवाळ काडतुसं भरतो. वहिनींसाठी पाच काडतुसांचं लहान सांगाड्याचं आलं, पेटीत राहतं ते तेच. दसऱ्याला दोन्ही पाटावर, रिकामी, झेंडूसकट. झेंडू मुळात मेक्सिकोचा, आणि ऑक्टोबरात इथल्या मेक्सिकन दुकानांत ढिगानं मिळतो.

आखूड पुंगळ्यांचा एक त्रास आहे. त्या झाडत राहिलं की सिलिंडरच्या कप्प्यात, पुंगळी संपते तिथून पुढे, काजळीचं कडं धरतं. ते वाढलं की लांब मॅग्नम आत शिरत नाही. म्हणून मित्र दर खेपेला ब्रश आणि तेल घेऊन तास तास कप्पे घासतो. फडताळात मॅग्नमचा खोका आहे, पन्नासचा, सीलबंद. ‘‘तो फोडायचाच नाही तर घासता कशाला?’’ वहिनी विचारतात. ‘‘बसायला तर पाहिजे,’’ तो म्हणतो आणि पुढचा कप्पा घासायला घेतो.