कलम 25 शिकवताना

पोलीस दलात कलम 25 बद्दल कुणी प्रेमाने बोलत नाही. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, असं सांगणारं पुरावा कायद्यातलं हे कलम. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये गेलं, पण जुन्या अधिकाऱ्यांच्या तोंडी अजून 25च बसलं आहे. रात्र रात्र जागून तपास करणाऱ्याला ते बोचतं. आरोपी शेजाऱ्यापुढे बोलला तर ते निदान विचारात घेतलं जातं, मग माझ्यापुढचंच का नाही? ठाण्यापासून मुख्यालयापर्यंत हा प्रश्न ऐकत आलो आणि अधीक्षक झाल्यावर कनिष्ठांना त्याचं उत्तर एका वाक्यात देत आलो: कायदा आहे, पाळायचा.

विद्यापीठाच्या विधी विभागात एवढ्यावर भागत नाही. मी इथे आलो तो 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये ही वाट खुली केली. पीएचडीची अट नाही, आपल्या क्षेत्रातला किमान 15 वर्षांचा अनुभव मात्र हवा. दलात माझ्या म्हणण्याला हुद्द्याचं वजन होतं. इथे कारण द्यावं लागतं. "कायदा आहे" म्हटलं की बाकावरून हात वर येतो: "पण सर, का आहे?"

त्या 'का'साठी मी 1855 पर्यंत मागे गेलो. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी आणि कबुलीसाठी माणसांचा छळ कसा होतो, याचा चौकशी अहवाल त्या वर्षी आला. 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसापुढची कबुली बाद केली आणि तिथून हा नियम 1872 च्या पुरावा कायद्यात आला. हे सांगून मी मुलांना विचारलं, कबुली उपयोगाची नाही हे ठाऊक असलेला तपासी अधिकारी काय करेल? उत्तर त्यांनीच काढलं. तो खुर्चीतून उठेल, घटनास्थळी जाईल, हत्यार, कपडे, रक्ताचे नमुने, मोबाइलच्या नोंदी गोळा करेल. दलातल्या प्रत्येक नव्या उपनिरीक्षकाने हा तास ऐकावा असं मला त्या दिवशी फार वाटलं.

मग मोक्का. 1999 च्या या कायद्याच्या कलम 18 नुसार अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब पुराव्यात चालतो. असे जबाब मी नोंदवले आहेत. ती पद्धत वर्गात सावकाश सांगतो, कारण पुस्तकात ती चार ओळींत उरकते. नोंदवणारा शक्यतो त्या तपासाबाहेरचा हवा. खोलीत तपास पथकातलं कुणी नको. आरोपीला त्याच्या भाषेत सांगायचं, की तू बोलायला बांधील नाहीस आणि बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. विचाराला वेळ द्यायचा, पुन्हा बोलवायचं, पुन्हा तेच विचारायचं. शेवटी स्वतःच्या हाताने प्रमाणपत्र लिहायचं आणि जबाब विनाविलंब मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायचा.

"सर, पीआयपुढचं बाद आणि एसपीपुढचं ग्राह्य, असं कसं?" एका विद्यार्थिनीने विचारलं. माझ्या केबिनमध्ये हा प्रश्न मला कुणी विचारला नसता. मी तिला मनापासून सांगितलं, की खांद्यावरच्या चिन्हांनी माणूस जास्त खरा होत नाही. विश्वास ठेवायचा तो दिलेल्या वेळेवर, दंडाधिकाऱ्याच्या चौकशीवर. त्यातलं काही गळालं असेल तर अधीक्षकाची सही असूनही तो कागद बाजूला ठेवावा. टाडातली अशीच तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये कर्तारसिंग खटल्यात वैध ठरवली, पण अशीच पथ्यं घालून. आणि पाचपैकी दोन न्यायमूर्तींना तीही पुरेशी वाटली नव्हती. नोकरीत बहुमताचा निकाल तेवढा कामाचा. वर्गात मी त्या दोघांची मतं आधी वाचायला देतो.

निवृत्तीला आलेले सहकारी फोन करतात. शिकवायला यायचं म्हणतात, काय तयारी करू विचारतात. सापळे, पाठलाग, चकमकी यांच्या गोष्टींनी वर्ग भरतो, पण मुलांच्या वहीत काही उरत नाही. मी त्यांना सांगतो, आरोपी सुटलेल्या एखाद्या खटल्याचं निकालपत्र घेऊन या. पंच फितूर का झाला, आरोपीने काढून दिलेलं हत्यार आधीच ठाण्यात होतं असं न्यायालयाला का वाटलं, मुद्देमालावरच्या लाखेच्या सिलाची नोंद का सापडली नाही, हे मुलांबरोबर परिच्छेदागणिक वाचा. एका तासात होणार नाही, दोन धरा. आणि साक्षीदारांची नावं तेवढी आधी झाकून घ्या.